ऱ्होड आयलंड : उपसागराकाठचे राज्य

ऱ्होड आयलंड हे क्षेत्रफळाने अमेरिकेतील सर्वांत लहान राज्य. दक्षिणोत्तर लांबी सुमारे 77 किलोमीटर, रुंदी 60. पाणी धरून क्षेत्रफळ सुमारे 4,000 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून जरासे मोठे. पण त्यातला एक तृतीयांश भाग पाण्याचाच. नावात बेट असले तरी बहुतेक राज्य मुख्य भूमीवर आहे. दक्षिणेकडून आत शिरलेल्या नॅरॅगॅन्सेट उपसागराने त्याचे जवळजवळ दोन भाग केले आहेत. इथली बंदरे, इथला व्यापार आणि इथली संकटे, सगळे या पाण्यावाटे आले.

धर्माच्या बाबतीत सरकारने ढवळाढवळ करू नये, या मतापायी रॉजर विल्यम्सला मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार केले गेले. 1636 मध्ये त्याने नॅरॅगॅन्सेट लोकांकडून जमीन मिळवून प्रॉव्हिडन्स वसवले. 1663 च्या राजसनदेने धर्मस्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब केले. इतरत्र छळ सोसलेले क्वेकर आणि ज्यू इथे स्थिरावले. न्यूपोर्टचे 1763 मधील टूरो सिनेगॉग ही देशात आज उभ्या असलेल्या सिनेगॉगांतील सर्वांत जुनी वास्तू आहे. आपले तेच खरे करण्याचा बाणा राजकारणातही दिसला. 1787 च्या घटना परिषदेला या राज्याने प्रतिनिधीच पाठवला नाही, आणि तेरा मूळ राज्यांपैकी सर्वांत शेवटी, मे 1790 मध्ये, राज्यघटनेला मान्यता दिली.

या स्वातंत्र्याची दुसरी बाजू भयंकर आहे. न्यूपोर्ट आणि ब्रिस्टलची जहाजे रम घेऊन आफ्रिकेला जात आणि माणसे घेऊन परतीला निघत. अशा सुमारे एक लाख माणसांना गुलामगिरीत लोटले गेले. राज्याच्या अधिकृत नावात 2020 पर्यंत ‘प्रॉव्हिडन्स प्लांटेशन्स’ हे शब्द होते. ‘प्लांटेशन’चा मूळ अर्थ वसाहत असला, तरी अनेकांना त्यातून गुलामांचे मळेच आठवत. 2010 च्या मतदानात बदल फेटाळला गेला. दहा वर्षांनी तो मंजूर झाला. हे उशिरा झाले, पण योग्यच झाले.

प्रॉव्हिडन्स शहर उपसागराच्या अगदी टोकाशी आहे. तुफानाने ढकललेले पाणी निमुळत्या उपसागरात शिरले, की त्याला पसरायला जागा उरत नाही आणि ते शहरात चढते. जुन्या मार्केट हाउसच्या विटांच्या भिंतीवर 1815 आणि 1938 च्या पुरांच्या खुणा दाखवणाऱ्या पाट्या आहेत. 1938 ची खूण उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर येते. 1954 मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा नदीच्या मुखाशी वादळरोधक दरवाजे बांधण्याचे ठरले आणि 1966 मध्ये ते पुरे झाले.

रोजच्या जगण्यातही पाणी आहेच. उपसागरात लहान होडीत उभा राहून लांब दांड्याच्या दाताळ्याने तळ खरवडणारा एकटा माणूस अजून दिसतो. तो क्वाहॉग काढतो. क्वाहॉग म्हणजे आपल्या तिसऱ्यांचा जाड कवचाचा मोठा भाऊबंद. त्याचे मांस बारीक करून, पावाचा चुरा आणि पोर्तुगीज सॉसेज घालून, पुन्हा शिंपल्यातच भरून भाजतात. कॉफीचे गोड सिरप घातलेले थंड दूध हे तर राज्याचे अधिकृत पेय.

लोकसंख्या सुमारे 11 लाख. अर्ध्या तासाचा प्रवासही लोकांना लांबचा वाटतो, आणि पत्ता सांगताना कधीच बंद पडलेल्या दुकानाची खूण दिली जाते. नव्याने आलेल्याला ते दुकान ठाऊक नसते. पण राज्य इतके लहान, की ओळखीचे चेहरे लवकर भेटू लागतात.

बॉस्टनला येणारे मराठी पाहुणे बहुधा न्यूयॉर्ककडे जाताना प्रॉव्हिडन्स खिडकीतूनच पाहतात. बॉस्टनहून लोकल गाडीने हे शहर तासाभरावर आहे. एक दिवस राखून ठेवावा आणि इथे उतरावे.