ग्रानादाचे पाणी

उन्हाळ्याच्या सुट्टीला जोडून मी बिनपगारी रजेचा अर्ज दिला आणि कारणाच्या रकान्यात लिहिले: स्पॅनिश भाषा व भूगर्भशास्त्र, उन्हाळी वर्ग, ग्रानादा. स्टाफरूममध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. एक वडीलधारे सहकारी म्हणाले, "मॅडम, अरबी सीखतीं तो सवाब भी मिलता." उर्दू शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईने दगड पाहायला स्पेनला जावे, हे कोणाच्या पचनी पडत नव्हते. पैसे थोरल्या भावाने दिले. अम्मींची चिंता एवढीच, की तिकडे खाण्याचे काय.

आपल्याकडे अंदलूस म्हटले की आधी उसासा येतो. 1933 साली इक्बाल कुर्तुब्याच्या मशिदीत जाऊन आले आणि त्यावर त्यांनी थोर नज्म लिहिली. नसीम हिजाझींच्या कादंबऱ्या तर आम्ही बहिणी उशीखाली ठेवून वाचायचो. 2 जानेवारी 1492 रोजी अबू अब्दुल्लाहने ग्रानादाचा ताबा सोडला. ही तारीख आमच्या घरात नातलगाच्या मौतीसारखी सांगितली जाई. त्या रडण्याला माझा विरोध नाही. पण पाचशे वर्षे रडून झाल्यावर तिथे शिल्लक काय आहे, हे कोणी सांगत नव्हते.

सकाळी भाषा, दुपारी दगड, असा क्रम होता. वर्गात बहुतेक मुले अमेरिकेची, माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात मला गंमत वाटू लागली. 'आसेइतूना' म्हणजे जैतुनाचे फळ, मूळ अरबी. 'आस्ता' म्हणजे 'पर्यंत', हे आपल्या 'हत्ता'वरून. 'फुलानो' म्हणजे चक्क फलाणा! 'ओखाला' हा शब्द 'अल्लाहने चाहले तर'पासून आला, आणि तो म्हणताना आज कोणा स्पॅनिश माणसाच्या मनात अल्लाह नसतो. काही शब्द उलट्या दिशेनेही गेले. कमीज हा लॅटिनमधून अरबीत आणि मग आपल्यापर्यंत आला. पगार आणि बिजागरी हे तर मराठीने पोर्तुगिजांकडून घेतलेले, म्हणून 'पागार' आणि 'बिसाग्रा' मला पाठ करावे लागलेच नाहीत.

स्पॅनिशमधला 'ख' मला सहज जमे, अमेरिकन मुलांचा घसा खरवडून निघे. एक मोरोक्कन मुलगी अभिमानाने म्हणाली, "हा आवाज आमचाच." बाईंनी शांतपणे सांगितले, की नाही, हा उच्चार सोळाव्या-सतराव्या शतकात जुन्या 'श'पासून बदलत तयार झाला, अरबीचा त्याच्याशी संबंध नाही. मुलगी हिरमुसली. मला मात्र बाई आवडल्या. जे आपले आहे ते एवढे भरपूर आहे, की नसलेले ओढून आणायची गरजच काय?

दुपारचे सर आम्हाला अलहम्ब्राच्या पायथ्याशी, दार्रो नदीच्या काठी घेऊन गेले आणि म्हणाले, "महालाकडे पाहू नका, टेकडी पाहा." लालसर मातीत घट्ट बसलेले गोल गोटे. सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी या खोऱ्यात समुद्र होता. पुढे तो आटला, सिएरा नेवादा उंच होत गेला आणि नद्यांनी त्याच्या अंगावरचे दगड घासत, गोल करत इथे आणून टाकले. लोहामुळे त्यांना हा रंग आला. या थराला भूगर्भशास्त्रात नावच अलहम्ब्रा आहे. किल्ल्याच्या भिंतीसुद्धा याच मातीत चुना कालवून, ती साच्यात ठोकून उभारलेल्या. अल-हम्रा, म्हणजे लाल. आमच्या कादंबऱ्यांत संगमरवर आणि कारंजी भरपूर होती, पण ही माती कुठेच नव्हती.

सिएरा नेवादाच्या सर्वांत उंच शिखराचे नाव मुलासेन. उंची 3,479 मीटर. अबू अब्दुल्लाहचे वडील सुलतान अबुल हसन यांच्यावरून हे नाव पडले. राज्य गेले, पण डोंगराने नाव टाकले नाही. या डोंगराच्या दक्षिण उतारावर आम्ही दोन दिवस राहिलो. तिथला दगड चकाकणारा, पापुद्र्यांचा. भिंगाखाली त्यात गार्नेटचे तांबडे दाणे दिसतात. आपल्या काळ्या बेसाल्टची सवय असलेल्या डोळ्यांना तो दगड नटवा वाटतो.

मुसलमानी काळापासून या उतारावर पाट आहेत. त्यांना 'आसेकिया' म्हणतात, अरबी 'साकिया'वरून. यांतले काही पाट पाणी शेतात नेतच नाहीत. बर्फ वितळू लागले, की ते पाणी वरच्या उताराला नेऊन मुद्दाम जमिनीत जिरवतात. दगडाच्या फटींतून ते सावकाश झिरपत जाते आणि ऐन उन्हाळ्यात, कोरड पडल्यावर, खालच्या गावांच्या झऱ्यांतून बाहेर येते. धरण नाही, पंप नाही. डोंगर हीच टाकी. त्या लोकांकडे भूगर्भशास्त्राची पदवी नव्हती, पण कुठला दगड पाणी पितो आणि कधी परत देतो, हे त्यांना ठाऊक होते. 1492 नंतर मुसलमानांना बाटवले गेले आणि पुढे हाकलूनही दिले. त्यांच्या जागी आलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी मात्र पाट बुजवले नाहीत. एका म्हाताऱ्याला मी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारले, "हे कोणी बांधले?" तो म्हणाला, "मूरांनी." आणि फावडे उचलून गाळ काढू लागला.

खुद्द शहराला पाणी देणाऱ्या एका जुन्या पाटाचे नाव आयनादामार. 'ऐनुद्दमअ', अश्रूंचा झरा. अलीकडे ग्रानादा विद्यापीठाच्या पुढाकाराने स्वयंसेवकांनी त्याची साफसफाई केली. आपण अश्रूंवर नज्मा लिहिल्या. तिथल्या पोरापोरींनी त्याच अश्रूंमधला गाळ उपसला. अलबायसिनमध्ये 2003 साली नवी मशीद उघडली. तिथे मी जुमा पढले. शेजारी बसलेली बाई स्पॅनिश, नवमुस्लिम. समोर अलहम्ब्रा दिसत होता, पण ती बोलत होती भाजीच्या भावाबद्दल.

परतल्यावर मी आठवीच्या मुलींना पाणचक्कीवर नेले. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्या शहरासाठी, म्हणजे तेव्हाच्या खडकीसाठी, जमिनीखालून नहर आणली. औरंगाबाद 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, पण त्या नहरीला लोक आजही नहर-ए-अंबरीच म्हणतात. तिचा बराच भाग बुजला आहे, काही ठिकाणी वर घरे आली आहेत. मुलींच्या हातात मी भिंग दिले आणि बेसाल्टमधली भोके दाखवली. एकीने विचारले, "मॅडम, ये पत्थर पानी पीता है क्या?" म्हटले, भोके एकमेकांना जोडलेली असतील किंवा दगडाला भेगा असतील, तर पितो. नाहीतर नुसता ओला होतो. तिने बाटलीतले पाणी दगडावर ओतले आणि सगळ्याजणी वाकून बघत बसल्या.