घोड्याच्या खांद्याशी चालणारं कुत्रं

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून तुम्ही कधी कोलाडच्या वाटेला लागलात, तर विळे सोडल्यावर गाडीचा वेग जरा कमी करा. दिवाळी होऊन गेलेली असेल, भाताची कापणी आटपत आलेली असेल, आणि एखाद्या वळणावर अचानक समोर घोडी दिसतील. पाठीवर भांडी, घोंगड्या, मेंढरं कोंडायची वाघर, त्यावर पाय बांधून ठेवलेल्या दोन-चार कोंबड्या, आणि या साऱ्या पसाऱ्याच्या वर टोपडं घातलेलं एखादं मूल, जणू हौदात बसलेला राजाच. हॉर्न वाजवू नका. काच खाली करून बघा. घोड्याच्या पुढच्या पायाशी एक बुटकं कुत्रं चाललेलं असेल. आज त्याच्याचविषयी सांगायचं आहे.

कोलाड हे रोहे तालुक्यातलं, मुंबई-गोवा रस्त्यावरचं नाक्याचं गाव. कोकण रेल्वेच्या गाडीवर भरलेले ट्रक चढवून गोव्याकडे न्यायची सोय १९९९ साली इथूनच सुरू झाली. आता शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी कुंडलिकेत रबरी होड्या सोडायला येतात. होड्या चालतात त्या भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर. मुळशीचं पाणी डोंगरातून भिऱ्याला उतरवून तिथे १९२७ सालापासून वीज होते आणि तेच पाणी पुढे नदीला लागतं. आम्हा शेतकऱ्यांना होडीचं कौतुक बेताचंच. त्या पाण्यावर कालव्याकाठी उन्हाळी भात होतं, हे आमचं कौतुक.

पण कालवा सगळ्यांच्या बांधाला लागत नाही. ज्यांची जमीन भात कापल्यावर मोकळी पडते, ते धनगरांच्या वाड्याची वाट बघतात. वाडा म्हणजे इथे घर नव्हे; चार-सहा बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी आणि कुत्री मिळून वाडा. घाटावर दिवाळीनंतर चारा-पाणी आटतं, म्हणून ते खाली येतात. कोकणच्या पावसात मेंढराचे खूर कुजतात, म्हणून मृगाच्या आधी परत वर जातात. मधल्या दिवसांत रात्री शेतात मेंढरं बसवली की लेंडी आणि मूत जागच्या जागी पडतं. पूर्वी त्याचा मोबदला भातात मिळे, आता बहुतेक ठिकाणी रोख.

आमच्या शेतात असाच एक वाडा उतरतो. पुरुष मेंढरांमागे रानात जातात. बिऱ्हाड हलवायचं, घोडी लादायची आणि पुढच्या तळावर चूल मांडायची, हे काम बायांचं. त्या वाड्यात एक म्हातारी आहे, आम्ही तिला आजी म्हणतो. त्यांच्याकडे कुत्री दोन तऱ्हेची दिसली. मेंढरांबरोबर जाणारी उंच, धिप्पाड. एकाच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा, लांडग्याने नरडं धरू नये म्हणून. घोड्यांबरोबर मात्र लहान चणीची तांबूस कुत्री, चंपी. मी आजीला विचारलं, "आजी, हे एवढंसं का ठेवलंय? याला कोण भिणार?"

ती म्हणाली, "भ्यायला न्हाई ठेवलं, दादा. सांगायला ठेवलंय. मोठं कुत्रं घोड्यापुढं उड्या मारतं, घोडं बुजतं, वरचं पोरगं पडतं. ह्ये बारकं भुकतं आन् गप बसतं. दमलं तर उचलून वझ्यावर टाकावं. खायाला तरी किती लागतं?"

मला यात मोठा शहाणपणा वाटला. तुमच्याकडे घोडी असेल, घरातली पोरं तिच्यावर बसत असतील आणि सोबतीला कुत्रं हवं असेल, तर दांडगं जनावर शोधत बसू नका. लहान, आखूड केसांचं, पाय सरळ आणि पंजे घट्ट असलेलं देशी कुत्रं बघा. नाक फार चपटं नको. चपट्या नाकाचं कुत्रं उन्हात लवकर धापा टाकतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिलाची आई बघा. आई घोड्याजवळ निवांत झोपत असेल तर अर्धी शिकवण झाली. आजी पिल्लांच्या मधोमध परात आपटते. जे दचकून पळतं ते नको, जे चिडून भुंकतच राहतं तेही नको. जे दचकून थांबतं आणि मग परत वास घ्यायला येतं, ते ठेवायचं.

पिलू आईपासून दोन महिन्यांच्या आत तोडू नये. पण घोडा, माणसं, भांड्यांचा आवाज यांची ओळख त्याला तिसऱ्या महिन्याच्या आत व्हायला हवी. त्या वयात जे पाहिलं, हुंगलं, त्याची भीती पुढे सहसा राहत नाही. आजी पिलाचं भाकरीचं ताट दावणीजवळ ठेवते, घोड्याचा पाय पोचणार नाही एवढं अंतर राखून. पहिले काही महिने ते घोड्यावरूनच प्रवास करतं, ओझ्यात खोचलेल्या टोपलीत. खाली चालायला शिकतं ते आईच्या शेजारी, थोडं थोडं. लादलेलं घोडं चालीने तासाला पाच-सहा किलोमीटर जातं. लहान कुत्र्याला तेवढं झेपतं, पण घोडं दुडक्या चालीला लागलं की त्याची पळापळ होते. सहा महिन्यांच्या आत लांबची मजल करायला लावू नका.

जागेचा धडा मात्र सक्त. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचं पुष्कळ दिसतं, पण अगदी पाठीमागचं दिसत नाही. तिथे काही वळवळलं की लाथ आलीच. म्हणून कुत्रं चालवायचं खांद्याशी, घोड्याला दिसेल असं. रस्त्याने जाताना ते कडेच्या अंगाला. वाहनं घोड्याच्या एका बाजूला, कुत्रं दुसऱ्या बाजूला. मागे पडलं की आजी "हं" एवढंच करते आणि थांबते. घोडं थांबतं, कुत्रं पुढे येतं, मग सारे चालू लागतात. मारणं नाही, ओरडणं नाही. दोरी घोड्याच्या खोगिराला बांधायची तर मुळीच नाही. घोडं उधळलं तर कुत्र्याचा जीव जाईल आणि घोड्याचा पायही अडकेल.

२०११ साली महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झाल्यापासून या सावधगिरीला फार किंमत आली आहे. ऊन चढल्यावर डांबर तापतं, पंजे भाजतात. तळहात टेकवून बघा, तुम्हाला सोसवत नसेल तर कुत्र्यालाही नाही. वाडा पहाटे निघतो तो याचसाठीही.

पहाटेची एक गोष्ट सांगतो. गेल्या हिवाळ्यात त्यांना नदीपलीकडच्या शेतात जायचं होतं. पाणी उतरलेलं पाहून आजीने घोडी पात्रात घातली. चंपीचं पिलू टोपलीत, नात घोड्यावर. घोडी पलीकडे लागली, चंपी अजून अलीकडे गोटे हुंगत होती, आणि भिऱ्याचं पाणी आलं. बघता बघता गोटे बुडाले. पलीकडून पिलू केकाटू लागलं. चंपी काठाने वर-खाली धावू लागली. उडी टाकणार असं मला वाटलं. आजीने पलीकडून हात वर केला आणि तेच तिचं "हं". पाण्याच्या आवाजात ते ऐकू येणं शक्य नव्हतं, पण हात दिसला असावा. कुत्री बसली. होड्या आल्या, माणसं किंचाळत गेली, ती बसूनच. दुपार कलल्यावर पाणी उतरलं तेव्हा आजी स्वतः पाण्यात शिरून तिला खांद्यावर घेऊन गेली. तुम्ही कधी कुंडलिकेत गुरं घातलीत, तर पाणी सुटण्याची वेळ आधी विचारा.

या लोकांचा कुत्र्यावर जीव असण्याला आणखीही कारण आहे. त्यांचा खंडोबा घोड्यावर बसतो आणि त्याच्या चित्रात घोड्याबरोबर कुत्रं असतं. बाणाई तर धनगरांचीच लेक. चंपाषष्ठी मार्गशीर्षात येते, म्हणजे वाडा कोकणात असताना. भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला घास त्या दिवशी चंपीलाही मिळतो.

लशीच्या बाबतीत मात्र मी आजीशी भांडलो. पिलू तीन महिन्यांचं झालं की पिसाळण्याविरुद्धची लस टोचायची आणि पुढे दर वर्षी. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात विचारा. गावोगाव फिरणाऱ्या कुत्र्याची गाठ रोज नव्या कुत्र्यांशी पडते, आणि चावा पोरांना बसतो. शेवटी आजी आली, पण दवाखान्यात चंपीपेक्षा तीच जास्त घाबरली होती.

मे महिन्यात वाडा निघाला तेव्हा चंपीचं एक पिलू मी मागून घेतलं. आजी हसून म्हणाली, "ऱ्हायचं न्हाई, दादा." मी त्याला पडवीत सुंभाने बांधलं. संध्याकाळी बघतो तर सुंभ कुरतडलेलं. मोटारसायकल काढून शोधत निघालो. सुतारवाडीच्या पुढे वाडा गाठला. पिलू घोड्याच्या खांद्याशी, रस्त्याच्या कडेच्या अंगाने चाललं होतं. आजीने मला पाहिलं, पण थांबली नाही. मीही हॉर्न वाजवला नाही.