शाईची फीत

खाऱ्या दलदलीवर हुगळीचा गाळ टाकून वसविलेल्या सॉल्ट लेकमधील चौक सारखेच दिसतात. साताऱ्याहून नोकरीसाठी आलेला तो तरुण तेथे अनेकदा रस्ता चुके. परंतु १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या जपानी भयखेळातील वाडा त्याला दार न् दार पाठ झाला होता.

त्या वाड्यात प्रेतांपेक्षा टंचाईच अधिक भिववते. गोळ्या मोजक्या, झालेली वाटचाल नोंदवावी तर टंकलेखनयंत्र आणि शाईची फीत हवी, तीही मोजकीच. कॅमेरा कोपऱ्यात खिळलेला, त्यामुळे पावले आधी ऐकू येतात आणि प्रेत मागाहून दिसते. हे या कृतीचे खरे सामर्थ्य. संवाद मात्र हास्यास्पद. शिवाय नायक ख्रिसला जवळ बाळगता येतात अवघ्या सहा वस्तू, त्यांतही फीत एक जागा अडविते. मग पेटीकडे होणाऱ्या हेलपाट्यांना भय म्हणावे की कारकुनी?

त्याचे वडील कचेरीत टंकलेखक होते. एक कड झिजली की फीत उलटी बसवून ते आणखी काही महिने निभावीत. त्यांच्या निधनानंतर खेळातील शेवटची फीत त्याच्याने वापरवेना. नोंद न करताच तो रात्रीमागून रात्री मरत राहिला आणि तीच दारे पुन्हा उघडीत राहिला.