बोगद्यातला हेडफोन, ओटीवरचा हेडफोन

आम्ही बडोद्याला राहतो आणि आमचं गाव रत्नागिरीजवळ. वर्षातून एकदा तरी जाणं होतंच. रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठायची आणि सकाळी मांडवी एक्सप्रेसमध्ये बसायचं, हा आमचा ठरलेला मार्ग. यंदाच्या मे महिन्यात सामानात दोन हेडफोन होते. एक लेकीच्या गळ्यात, कॉस कंपनीचा पोर्टा प्रो. दुसरा माझ्या बॅगेत, धोतरांच्या घड्यांमध्ये जपून ठेवलेला सेनहायझरचा एचडी 600.

"एवढं धूड कशाला घेतलंत?" बायकोनं विचारलं.

"आप्पांसाठी," मी म्हणालो.

आप्पा म्हणजे माझे वडील, वय 81. गेले काही महिने आई फोनवर एकच तक्रार करत होती: "यांच्या टीव्हीचा आवाज पार रस्त्यावर ऐकू जातो." मला वाटलं, मोठा हेडफोन दिला की आप्पांना त्यांची नाट्यगीतं मनासारखी ऐकता येतील आणि आईलाही शांतता मिळेल. प्रश्न इतका सोपा नव्हता, हे गावी गेल्यावर कळलं.

खिडकीजवळची जागा

पनवेल मागे पडलं की गाडीत खाण्याची वर्दळ सुरू होते. बटाटेवडा, कटलेट, चहा. लेक खिडकीशी बसून गाणी ऐकत होती. तिचा पोर्टा प्रो 1984 साली बाजारात आला आणि आजही जवळपास त्याच रूपात मिळतो. शंभर ग्रॅमच्या आतलं वजन, पातळ धातूची पट्टी आणि कानावर नुसत्या टेकणाऱ्या स्पंजच्या दोन चकत्या. घडी केली की मुठीत मावतो. फोनला जोडला की लगेच पुरेसा आवाज देतो. डुलकी लागली तरी डोक्यावर ओझं वाटत नाही आणि "चाय, चाय" अशी हाक ऐकू येते. प्रवासात पाकिटाकडे आणि स्टेशनकडे लक्ष ठेवायचं तर कान थोडे उघडे असलेले बरे.

पण त्याची अडचणही हीच आहे. कान झाकला जात नाही, त्यामुळे गाडीचा खडखडाट थेट आत येतो. हा खडखडाट मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो. गाण्यातल्या तबल्याचा डग्गा आणि बास गिटारही त्याच पट्टीतले, म्हणून आधी तेच बुडतात. मग माणूस काय करतो? आवाज वाढवतो. शिवाय चष्मा असेल तर कानावर टेकणारा हेडफोन कानाची पाळी चष्म्याच्या काडीवर दाबतो आणि तासाभरात कान दुखू लागतो. पोर्टा प्रोमध्ये कानाच्या वर टेकणाऱ्या गाद्यांनी हा दाब कमीजास्त करता येतो, एवढीच काय ती सोय.

करबुड्याचा बोगदा

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग 1998 च्या जानेवारीत सुरू झाला. त्यावर नव्वदच्या वर बोगदे आहेत. खेड-चिपळूणच्या बाजूला एकामागून एक बोगदे येऊ लागले की मुलं ओरडायला सुरुवात करतात. पण खरा मान रत्नागिरीच्या अलीकडच्या करबुडे बोगद्याचा. उक्षी स्टेशन सोडलं की तो येतो. लांबी सुमारे साडेसहा किलोमीटर, म्हणजे गाडी चांगल्या वेगात असली तरी पाचेक मिनिटं नुसता काळोख.

खिडक्या उघड्या होत्या. डब्यात असा काही आवाज भरला की शेजारच्याशी बोलणंही अशक्य. लेकीचा अंगठा फोनच्या बाजूच्या बटणावर गेला. एकदा, दोनदा, तीनदा.

बोगदा संपला. उजेड आला, हिरवळ आली, भोके स्टेशन मागे गेलं. खडखडाट निम्म्यावर आला, पण तिचा अंगठा काही परत बटणाकडे गेला नाही. मी तिचा हेडफोन मागून घेतला, कानाला लावला आणि दचकून काढला.

"बाबा, मला तर नॉर्मल वाटतोय!" ती म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. कान वाढलेल्या आवाजाला पटकन सरावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसानं 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकलेला चालतो. पुढे दर 3 डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. 90 डेसिबलवर तो आठवड्याला अवघा चार तास उरतो. मुलांसाठी 40 तासांची मर्यादा आणखी खाली, 75 डेसिबलवर आहे.

आम्ही तिथेच एक नियम केला. बोगद्यात गाणं थांबवायचं, आवाज वाढवायचा नाही. पाच मिनिटं काळोखाची गंमत बघायची.

ओटीवर

गावच्या घरी दुपारी चारनंतर ओटीवर सावली येते. आप्पांची आरामखुर्ची तिथेच असते. चहा झाल्यावर मी एचडी 600 बाहेर काढला. 1997 पासून मिळणारा हा हेडफोन घरात बसून ऐकण्यासाठीच बनवलेला आहे. वजन सुमारे 260 ग्रॅम. मखमली कापडाच्या लांबट गाद्या कानावर न टेकता कानाभोवती बसतात. वायर जवळजवळ तीन मीटर लांब. ती घेऊन रेल्वेत चढलात तर शेजाऱ्याच्या पायात अडकणार हे नक्की.

त्याचा रोध 300 ओहम आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर फोनमधून मिळणारा विद्युतदाब त्याला बहुधा कमी पडतो आणि गाणं मलूल वाटतं. म्हणून मी पत्त्यांच्या कॅटाएवढा छोटा ॲम्प्लिफायर सोबत आणला होता. म्हणजे हेडफोनबरोबर आणखी एक वस्तू, आणखी एक वायर आणि आणखी थोडा खर्च.

त्याच्या दोन्ही बाजूंना जाळी आहे, पाठ उघडी. त्यामुळे गाणं डोक्यात कोंडल्यासारखं वाटत नाही, समोर बैठक भरल्यासारखं वाटतं. हवा खेळती राहते म्हणून कोकणातल्या मेच्या घामातही तो सुसह्य होतो. बंद पाठीचा, रेक्झिनच्या गाद्यांचा हेडफोन त्या ओटीवर दहा मिनिटांत भिजला असता. अर्थात उघड्या पाठीमुळे आतलं गाणं बाहेर आणि बाहेरचा कावळा आत. आगगाडीत हा निरुपयोगी, पण पोफळींच्या सावलीत उत्तम.

मी वसंतराव देशपांडे यांची नाट्यगीतं लावली. आप्पांनी डोळे मिटले, बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागली. दोन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले.

"छान आहे रे. पण डावीकडचा बिघडलाय."

डावा कान

इतका जपून आणलेला हेडफोन प्रवासात दुखावला की काय, या काळजीनं मी वायर हलवून पाहिली, पिन काढून पुन्हा लावली. मग सुचलं म्हणून हेडफोन उलटा करून घातला. म्हणजे डावी बाजू त्यांच्या उजव्या कानावर आणि उजवी डाव्या कानावर.

"आता?"

"छे. डावीकडचाच कमी आहे."

हेडफोन उलटला तरी कमीपणा डावीकडेच राहिला. म्हणजे बिघाड हेडफोनमध्ये नव्हता. आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण तिलाही कळलं. टीव्हीचा वाढता आवाज, डावीकडून मारलेल्या हाकेला उत्तर न देणं, "मुद्दाम दुर्लक्ष करतात" म्हणून झालेली भांडणं, सगळ्याचा उलगडा त्या एका वाक्यात झाला.

दोन दिवसांनी आप्पांना रत्नागिरीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या कानात मळाचा घट्ट गोळा बसला होता. तो काढल्यावर बराच फरक पडला. नंतर छोट्या आवाजबंद खोलीत श्रवणचाचणी झाली. गंमत म्हणजे तिथे आप्पांच्या डोक्यावर चढवला तो कानावर टेकणारा साधा हेडफोनच! वयामुळे दोन्ही कानांना वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात असं निघालं. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवलं. आप्पा आधी "मला काय धाड भरलीये?" म्हणाले, मग नातीच्या आग्रहाखातर तयार झाले.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते म्हणाली आई, ती मीच सांगतो: घरातलं कुणी "हेडफोनची एक बाजू बिघडली" म्हणालं, तर फेकण्याआधी उलटा घालून बघा. कमीपणा त्याच कानाला राहिला, तर दुकानात नको, डॉक्टरांकडे जा. आणि एका कानाचं ऐकणं अचानक, तासा-दिवसांत कमी झालं, तर एक दिवसही थांबू नका. कानात काडी किंवा तेल घालून स्वतः प्रयोग करू नका. मोठा हेडफोन हा श्रवणयंत्राला पर्याय नाही. तो फक्त आवाज मोठा करतो, आणि उरलेल्या ऐकण्यालाही त्यानं इजा होऊ शकते. एका कानानं कमी ऐकणाऱ्यांसाठी बहुतेक फोनमध्ये मोनो ऑडिओची सोय असते. ती सुरू केली की दोन्ही बाजूंचं गाणं चांगल्या कानालाही पूर्ण मिळतं.

परतीची गाडी

निघताना एचडी 600 ओटीवरच्या खुंटीला राहिला. तो घरचाच, घरीच शोभतो. आईनं अट घातली आहे की संध्याकाळी एकच तास, आणि ॲम्प्लिफायरच्या बटणावर तिनं कुंकवाची खूण केली आहे. त्या खुणेच्या पुढे जायचं नाही.

परतीच्या गाडीत लेक पुन्हा खिडकीशी. रत्नागिरी सुटलं, भोके गेलं आणि डब्यात काळोख भरला. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं हेडफोन गळ्यात उतरवला होता आणि खिडकीच्या गजांना धरून इतर मुलांबरोबर ती जोरात ओरडत होती.