मण्यार की कवड्या?

ईशान्य भारतात आणि त्याच्याही पूर्वेकडच्या उष्ण मुलखात गोगलगायी खाऊन जगणारे साप आहेत. जपानच्या दक्षिण टोकाच्या बेटांवरील एका जातीच्या उजव्या जबड्यात तर डाव्यापेक्षा जास्त दात असतात, कारण बहुतेक गोगलगायींचे शंख उजव्या वळणाचे. हे वाचल्यापासून आमच्या धाकट्याला तो साप पाहायचाच होता. तो इकडे कुठला मिळायला! मग निदान आपल्याकडचे साप तरी पाहू, म्हणून जुलैतल्या एका शनिवारी कॅमेरा, बॅटऱ्या आणि गमबूट घेऊन आम्ही शिरूरहून (जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात) निघालो. न्हावऱ्यावरून भीमा ओलांडली की दौंड तालुका. तिथे मामूंचा मळा आहे.

मगरिबनंतर उसाच्या बांधाने हळूहळू निघालो. पहिला तास बेडकांतच गेला. मग पाटात दिवड दिसली, डोके तेवढे पाण्याबाहेर. फोटो हलला. परतल्यावर मुमानींच्या कुंडीखाली वाळा सापडला. गांडुळाएवढाच, पण साप. मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो. या जातीत नर आढळतच नाही. माद्या नराविना अंडी घालतात. “सुब्हानल्लाह! आणि मी गांडूळ समजून याला कुंडीत सोडत होते,” मुमानी म्हणाल्या.

इशाची नमाज होते न होते तोच पडवीतून ओरडा आला, “मण्यार!” खाली मुलांची अंथरुणे आणि भिंतीवर पांढऱ्या पट्ट्यांचा साप. मामूंनी काठी उचललेली. त्यांची भीती उगीच नव्हती. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्याला चावते, दुखत फारसे नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो.

“मामू, एकच मिनिट.” लांबूनच फोटो घेतला आणि मोठा करून पाहिला. पट्टे मानेपासूनच सुरू झालेले, शेपटीकडे पुसट होत गेलेले. मण्यारीचे नेमके उलटे: मानेकडे पुसट, शेपटीकडे ठळक, आणि पाठीच्या मधोमध मोठे षटकोनी खवले. शिवाय हा भिंत चढत होता, पालीच्या मागे. कवड्या. बिनविषारी.

“फोटोच्या भरवशावर पोरं झोपवू का?” मामूंनी विचारले.

यावर आम्हाला उत्तर देता आले नाही. छापील चित्र पाहून ओळखणे वेगळे आणि आपल्या पोरांच्या उशाशी ओळखणे वेगळे. सर्पमित्राला फोन केला. तो येईपर्यंत तासभर दुरूनच बॅटरीचा उजेड सापावर धरून बसलो. हात भरून आले. त्याने कवड्याच असल्याचे सांगितले आणि साप बरणीत घालून नेला.

मुले त्या रात्री खाटेवर, मच्छरदाणी चहूबाजूंनी खोचून झोपली. मामूंनी काठी दाराआड ठेवली ती ठेवलीच. पण सर्पमित्राचा नंबर खडूने भिंतीवर लिहून घेतला.