खोल नव्हे, हळू

अहेरी कुठे आहे, हे पुण्यातल्या ऑफिसात मला दर नव्या प्रोजेक्टला एकदा तरी सांगावं लागतं. गडचिरोली जिल्हा. चंद्रपूरच्याही पुढे, आलापल्लीच्या सागवानाला लागून. नदी ओलांडली की तेलंगणा. आणि समुद्र? कुठल्याही बाजूने शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे डेस्कवरचा माझा पाण्याखालचा फोटो बघून 'तू? आणि स्कूबा?' असं विचारणाऱ्यांना मी माफ करून टाकते.

पाण्याची मात्र आमच्याकडे कमतरता नाही. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात, त्यांची प्राणहिता होते. ती आमच्या बाजूने वाहत जाऊन सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. सातवीत असताना माझ्या वर्गातला एक मुलगा या नदीत गेला. त्यानंतर घरात एकच नियम : घोट्याच्या वर पाणी चढता कामा नये. पोहायला मी शिकले ती थेट पुण्यात, नोकरी लागल्यावर, पाच वर्षांच्या पोरांच्या बॅचमध्ये!

पुढे एका लाँग वीकएन्डला ग्रुपबरोबर मालवण झालं. इन्स्ट्रक्टरने मागून धरून ठेवलेला तो पंधरा-वीस मिनिटांचा डाइव्ह तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. माझं तेवढ्यावर भागलं नाही. तारकर्लीला एमटीडीसीने स्कूबाची प्रशिक्षण संस्था उभारली आहे, हे तिथेच कळलं. पुढच्या सीझनला मी 'ओपन वॉटर'चं कार्ड मिळवलं. म्हणजे जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत जायला मोकळी.

कार्ड मिळालं, भीती काही गेली नाही. ती दिसायची एअर गेजवर. सिलिंडर भरलेला असतो साधारण 200 बारला आणि 50 उरले की वर यायची तयारी ठेवायची. सगळ्यांत आधी पन्नासवर कोण? मीच. बाकीचे निवांत असायचे आणि अर्ध्या तासात मी 'हवा कमी' अशी खूण करत असायचे. चेहऱ्यावर मास्क असतो, तोंडात रेग्युलेटर, त्यामुळे घाबरलेलं कुणाला दिसत नाही. पण भ्यायलेलं माणूस भराभर श्वास घेतं आणि काटा ते सांगून टाकतो. आपल्या अप्रेझल फॉर्मपेक्षा तो काटा कितीतरी खरा!

तेव्हा दोनच पर्याय होते. 'झालं एकदाचं' म्हणून सोडून द्यायचं किंवा पुढचं शिकायचं. मी 'अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर'साठी अंदमानला, स्वराज द्वीपला गेले. 2018 मध्ये नाव बदललेलं आपलं हॅवलॉक ते हेच. पाच डाइव्हचा कोर्स. डीप आणि नॅव्हिगेशन सक्तीचे, उरलेले तीन आपल्या आवडीचे. मी पहिला मागितला तो बॉयन्सीचा, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली, अधांतरी स्थिर राहायचा.

अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे जास्त खोल, जास्त थ्रिल, असं मला वाटत होतं. पहिल्या दिवशी मात्र इन्स्ट्रक्टरने एवढंच शिकवलं : हात बांधून ठेव, पाय शांत ठेव, सावकाश श्वास घे. श्वास घेतला की शरीर किंचित वर येतं, सोडला की किंचित खाली जातं. बस्स. ज्या फुप्फुसांनी मी घाबरत होते, त्यांनीच वर-खाली व्हायचं होतं.

हे सगळं कुठेतरी आधी ऐकलंय असं वाटत राहिलं. मग आठवलं. आमचे काका, वनरक्षक म्हणून रिटायर झालेले. मार्चनंतर सागाचा पाला असा वाळतो की एक पाऊल टाकलं तर अख्ख्या जंगलाला बातमी. लहानपणी काका मला सोबत न्यायचे आणि दर दहा पावलांवर थांबवायचे. म्हणायचे, "जंगलात आपुन पाव्हने आहो. पाव्हन्यानं घरभर हिंडू नाई." मला तेव्हा वाटायचं, वाघाच्या भीतीने थांबतात.

कोरलचंही तसंच. गोट्यासारखी वाढणारी प्रवाळं वर्षाकाठी साधारण सेंटिमीटरभर वाढतात. मीटरभर उंचीचा गोटा म्हणजे आलापल्लीचा एखादा जुना सागच समजा. माझ्या फिनचा एक फटका त्याला पुरेसा आहे. त्यात पाणी तापलं की प्रवाळ आपल्या आतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या चौथ्या मोठ्या ब्लीचिंगची घोषणा केली. समुद्राचं तापमान काही मला कमी करता येत नाही. पण पाय आवरता येतात.

नॅव्हिगेशनला हातात होकायंत्र होतं, पण इन्स्ट्रक्टरने आधी वाळू वाचायला लावली. लाटांमुळे तळाच्या वाळूवर उठलेल्या रेघा बहुतेक किनाऱ्याला समांतर असतात. उतार कुठे, प्रवाह कुठला, ऊन कोणत्या बाजूने येतंय, हे बघायचं. नाला आणि डोंगर बघून घरी परतणाऱ्या काकांना यात काहीच नवं वाटलं नसतं.

डीप डाइव्ह झाला डिक्सन्स पिनॅकलला. इथल्या अशा काही जागांना स्थानिक करेन बोटवाल्यांची नावं आहेत. इंग्रजांनी 1925 मध्ये ब्रह्मदेशातून करेन कुटुंबं अंदमानात आणली ती जंगलातल्या कामासाठी. जंगलची माणसं समुद्र ओळखू लागली, हे कळल्यावर मला उगाचच माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

29 मीटरवर पाण्याचा दाब हवेसकट जवळजवळ चौपट होतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही चौपट लागते. नायट्रोजनची हलकी झिंग चढू शकते. इन्स्ट्रक्टरने रंगांचा तक्ता दाखवला. त्यातला लाल कुठेच नव्हता, त्याच्या जागी काळपट तपकिरी चौकोन. पाणी सगळ्यांत आधी लाल रंग शोषून घेतं. सगळं निळं, सगळं गप्प. मनात तो वर्गातला मुलगा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याची आठवण येऊनही माझा श्वास वाढला नाही. मी काट्याकडे बघितलं, त्यालाही तसंच वाटत होतं.

परतताना पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप. त्या डाइव्हला नाही, पण कोर्सच्या शेवटच्या, उथळ डाइव्हला मी 47 मिनिटं खाली होते. ग्रुपमध्ये आधी वर येणारी मी नव्हते.

तुमच्याकडे ते पहिलं कार्ड कपाटात पडलं असेल, तर पुढचा कोर्स जरूर करा. 30 मीटरच्या परवान्यासाठी नको, तळावर कुणाला धक्का न लावता राहता यावं म्हणून करा. मालवणसारख्या ठिकाणी तर याची जास्त गरज आहे. 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि ते आपल्यासारख्यांच्या वीकएन्डच्या अगदी रस्त्यात आहे.

दिवाळीत अहेरीला गेले तेव्हा काकांना लॉगबुक दाखवलं. खोली, वेळ, उरलेली हवा, सगळे आकडे वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे राहू दे वं. तुले पाहून कोनी पळालं काय?"

एक कासव होतं, म्हटलं. खडकावरचा स्पंज खात होतं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत खायला लागलं.

"मंग जमलं तुले," काका म्हणाले.