हनुवटीचं सेकंड ओपिनियन

ऑफिसात मी सांगितलं होतं, अक्कलदाढ काढलीय. एकदा नाही, चारदा! चौथ्या वेळी शेजारच्या क्युबिकलमधला मित्र म्हणालाच, "चला, चारही झाल्या. आता थोडी तरी अक्कल शिल्लक आहे ना?"

नव्हतीच. दाढा आजही जागच्या जागी आहेत. मला घालवायची होती ती डबल चिन. दिवसभर व्हिडिओ कॉल, आणि कोपऱ्यातल्या त्या छोट्या चौकोनात स्वतःचाच गळा! क्लायंट काय बोलतोय ते कमी आणि मी कशी दिसतेय ते जास्त बघायचे. मग एका चकाचक क्लिनिकमध्ये चार सिटिंग्जचं पॅकेज घेतलं. डिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं. हे अ‍ॅसिड आपल्या पित्तातही असतं, आणि ते चरबीच्या पेशी फोडतं. हनुवटीखालच्या चरबीसाठी अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. प्रत्येक सिटिंगनंतर आठवडाभर गळा बेडकासारखा फुगायचा, म्हणून ती अक्कलदाढेची थाप. दुसऱ्या वेळी तर हसू एका बाजूला वाकडं झालं. जबड्याच्या कडेनं जाणारी नस दुखावली होती. महिन्याभरात ते सरळ झालं, पण तो महिना मी एकाही मीटिंगमध्ये हसले नाही. सगळ्यांना वाटलं, अप्रेझलमुळे चिडलीय.

आणि रिझल्ट? समोरून बरा. बाजूनं मात्र हनुवटीपासून गळ्यापर्यंत तोच उतार, वर थोडी लोंबणारी कातडी बोनस! क्लिनिकमध्ये म्हणाले, "मॅडम, अजून दोन सिटिंग्ज घ्या, डिस्काउंट देतो." कार्ड पर्समधून बाहेर काढलंही होतं. पण घरून आईचा फोन आला. ती म्हणाली, "अगं, साडीला फॉल-पिको करायचा तरी चार दुकानं फिरतेस. गळ्यासाठी एकच डॉक्टर?"

दुसरे डॉक्टर प्लास्टिक सर्जन होते, एम.सीएच. झालेले. त्यांनी आधी मला बाजूनं उभं केलं. मग हनुवटीखाली चिमूट धरली आणि मानेचे स्नायू आवळायला लावले. चिमटीत राहते ती स्नायूच्या वरची चरबी, इंजेक्शन तिच्यासाठी असतं. आवळल्यावर निसटते ती स्नायूच्या खालची, तिला ऑपरेशनच लागतं. माझ्या चिमटीत आता फारसं काही उरलंच नव्हतं. म्हणजे इंजेक्शनानं आपलं काम चोख केलं होतं, कामच चुकीचं दिलं होतं! खरी भानगड हाडाची. माझी हनुवटीच आत आहे, त्यामुळे गळ्याला कोन मिळत नाही. अजून दोन सिटिंग्ज घेतल्या असत्या तर पैसे गेले असतेच, पण कातडी आणखी सैल पडली असती.

मग उपाय काय? इथे डॉक्टरांनी माझी तासभर शाळा घेतली. चरबी कुठे कमी-जास्त राहिली असेल तर छोटी लायपोसक्शन होते, पण आधीच्या इंजेक्शनांनी आतली जागा चिवट झालेली असते, त्यामुळे हात सरावलेला हवा. उलट, जास्तच काढली गेली आणि खड्डा पडला, तर स्वतःचीच दुसरीकडची चरबी भरतात. कातडी थोडी सैल असेल तर रेडिओफ्रीक्वेन्सीनं जराशी आवळते. फार सैल असेल तर कानामागे टाके घालून नेक लिफ्ट, त्याला मशीनचा शॉर्टकट नाही. मानेवर उभ्या दोऱ्या दिसत असतील तर बोटॉक्स, तेही तीन-चार महिन्यांपुरतं. आणि माझ्यासारख्या आत गेलेल्या हनुवटीला फिलर, इम्प्लांट किंवा हाड कापून पुढे आणणं. फिलर हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचाच घे, म्हणाले. नाही आवडला तर दुसऱ्या इंजेक्शनानं विरघळवता येतो. ही सोय सगळ्या फिलर्सना नाही.

मी विचारलं, "आणि ते फॅट गोठवायचं मशीन?" त्यांनी लिंडा इव्हँजेलिस्टाचं नाव घेतलं. नव्वदच्या दशकातली सुपरमॉडेल. तिनं २०२१ मध्ये जाहीर केलं की, अशा ट्रीटमेंटनंतर चरबी घटायच्या ऐवजी वाढून कडक झाली. असं क्वचित होतं, पण झालं की बहुतेकदा सर्जरीच लागते.

"मग उद्याच फिलर करू या?" माझा उतावीळपणा! डॉक्टर हसले. शेवटच्या सिटिंगला दोनच महिने झाले होते. सूज पूर्ण उतरेपर्यंत, कातडी जितकी आवळायची तितकी आवळेपर्यंत, अजून चार महिने हात लावणार नाही म्हणाले. इतके पैसे घालवून प्रिस्क्रिप्शन काय, तर थांबा! येताना बाजूनं काढलेले जुने फोटो घेऊन ये, एवढंच होमवर्क.

रविवारी आईबरोबर अल्बम उपसला. सिंहगडावरचा फोटो सापडला, वय बावीस, हातात कांदाभजी, तोंड भरलेलं, बाजूनं. तीच आत गेलेली हनुवटी. शेजारी आजी, तिचीही तश्शीच. आई म्हणाली, "किती गोड दिसतेयस बघ."

फोटो फाइलमध्ये लावलाय. अपॉइंटमेंट जानेवारीत आहे. फिलर करायचा की नाही, ते अजून ठरलेलं नाही. कॉलवर मात्र स्वतःचा चौकोन बंद करायचं बटण सापडलंय, ते फुकट होतं.